पाकिटावरची बाई

म्हसवड, ता. माण
४ ऑगस्ट २०२४

जयचंदन हळद, सांगली यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या हळदीच्या पाकिटामागे यंदा एक चौकट छापली आहे. 'आमच्या नव्या पाकिटासाठी खरा फोटो हवा. तुमच्या घरातल्या, तुमच्या रानातल्या बाईचा फोटो पाठवा.' ती वाचून लिहायला बसले आहे. फोटो पाठवायला नव्हे, आहे तो फोटो काढू नका म्हणून सांगायला.

पाकिटावर आता जी बाई आहे, डोक्यावर पदर घेतलेली, हळकुंडांचं सूप धरून हसणारी, ती माझी आई. रंगुबाई अर्जुना विरकर. आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायची आणि पावसाच्या तोंडावर माणात परत यायची. तुमच्या रानात खतासाठी आमची मेंढरं बसायची आणि आई हळदीच्या कामाला जायची. तेव्हा मी कडेवरची होते. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर आई तापानं गेली. पुढं हे पाकीट बाजारात आलं आणि वडिलांनी मला ते आणून दाखवलं.

आईचा दुसरा फोटो नाही. म्हणजे कुठंच नाही. तेव्हा तुम्ही नवा फोटो कुणाचाही लावा, मोठ्या कंपनीला मी काय सांगणार, पण मूळ फोटोची एक मोठी प्रत मला द्यावी. पाकिटावर तो पिवळ्या न् तपकिरी शाईत छापलाय, चेहरा नीट कळत नाही. जो काही खर्च होईल तो देईन.

दुकानदार म्हणाला, ऑनलाइन कळवा. मला ते येत नाही असं नाही, अंगणवाडीची सगळी माहिती मी मोबाईलवरच भरते. पण ही गोष्ट तिथल्या चौकोनात बसेना.

आपली,
मंगल बिरदेव गोरड
(अंगणवाडी सेविका)

सांगली
१२ ऑगस्ट २०२४

मंगलताई,
जय जिनेंद्र.

तुमचं पत्र ऑफिसात आलं तेव्हा मी आमच्या जाहिरातवाल्याशी भांडत होते. वीरधवल त्याचं नाव, पुण्याचा आहे. नव्या पाकिटासाठी त्यानं आधी जे फोटो आणले होते ते सगळे विकतच्या दुकानातले. एका बाईच्या हातात हळकुंड, आणि नखांना लालभडक पॉलिश. हळदीचा डाग औषधालासुद्धा नाही. तीच बाई मी लोणच्याच्या बरणीवर पाहिली आहे आणि विम्याच्या जाहिरातीतही. मी म्हटलं, ही बाई दिवसभर करते तरी काय काय? म्हणून तर पाकिटावर ती चौकट छापली. आतापर्यंत आलेत ते लग्नातल्या हळदीचे फोटो, आणि एकानं स्वतःच्या म्हशीचा पाठवलाय.

आणि मग तुमचं पत्र. खरा फोटो शोधत आम्ही गावभर फिरलो आणि तो आमच्याच पाकिटावर होता. मी लहानपणापासून हा छाप बघते आहे, पण ही बाई कोण असा प्रश्न मला पडला नाही, याची आता लाज वाटते. बाबांना, म्हणजे जयपाल मगदूमांना, कुणी विचारलं की ते म्हणायचे, "असंल कामावरची कोण तर," आणि विषय बदलायचे. ते जाऊन आता काही वर्षं झाली. कारखाना माझा भाऊ पारस बघतो, आणि विक्री, पाकिटं, जाहिरात हे माझ्याकडं.

आईला विचारलं असतं, पण आई घरी नाही. चंदनबाला तिचं नाव, तिच्या आणि बाबांच्या नावावरूनच हळदीचं नाव जुळवलंय. मुनिमहाराजांच्या चातुर्मासासाठी ती कुंभोजला राहिली आहे. तिथं चौका लावते, म्हणजे महाराजांच्या आहाराचं सगळं सोवळ्यात करते, आणि तेवढे महिने फोनला हात लावत नाही. दिवाळीला येईल. तोवर मी बाबांच्या जुन्या ट्रंका उघडते. मूळ फोटो मिळाला की पहिली प्रत तुमची, आणि खर्चाचं पुन्हा काढू नका.

एक विनंती. तुमच्या आईबद्दल आणखी लिहाल का?

तुमची,
कीर्ती मगदूम

म्हसवड
२६ सप्टेंबर २०२४

कीर्तीताईंना राम राम.

उत्तराला उशीर झाला. सप्टेंबर म्हणजे आमचा पोषण महिना, रोज काहीतरी कार्यक्रम आणि रोज त्याचे फोटो वर पाठवायचे. मुलं जेवली नाहीत तरी चालेल, फोटो पाहिजे, अशी गत. म्हणून तुमच्या खऱ्या फोटोच्या शोधाचं वाचून हसू आलं.

आईबद्दल मी काय लिहिणार? मला ती आठवत नाही. चुलतीची मुलं चुलतीला आई म्हणायची आणि मीही म्हणायला गेले की ती मुलं मला मारायची. मग मी रडायची. एकदा रडून आजारी पडले, तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, म्हसवडच्या बाजारातून हळदीचं पाकीट घेऊन आले आणि म्हणाले, "ही बघ तुजी आई. गप आता." मी ते पाकीट उशाला घेऊन झोपायची. हळद संपली तरी वास राहायचा. आजही आमच्याकडं देवाला भंडारा उधळला की मला आधी आईच आठवते, देव मागून.

तो छाप मी कापून फ्रेम करून घेतला आहे. देवघराशेजारच्या कोनाड्यात असतो. लग्नानंतर सासरी येताना दुसरं काही मागितलं नाही, तो तेवढा घेऊन आले. आता आबाही म्हातारपणी आमच्याकडंच असतात. परवा म्हाळ झाला. आमच्यात वारलेल्या माणसाला जे आवडायचं तेच ताटात वाढायची रीत. आईला मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी आवडायची असं आबा सांगतात, म्हणून दरवर्षी म्हाळाला मी तिला मटणाचा निवद दाखवते. नळीचं हाड आठवणीनं ठेवते. तुम्ही जैन, हे तुम्हाला लिहू की नको असं झालं, पण तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.

तुमचं पत्र आबांना वाचून दाखवलं. वाटलं खूश होतील. तर ते उठले आणि मेंढरांकडं गेले. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाले, "जुनं कशाला उकरून काढतीस?" म्हातारं माणूस, दुःख असेल.

एक विचारायचं राहिलं. आईच्या हनुवटीवर गोंदण होतं असं चुलती सांगायची. तीन टिपके. पाकिटावर ते दिसत नाही. मूळ फोटोत दिसतं का, तेवढं आधी बघून कळवा.

मंगल

सांगली
५ ऑक्टोबर २०२४

प्रिय मंगलताई,

तुमचं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. निवदाचा परिच्छेद पारसला हळू आवाजात वाचला, कारण आमच्या ऑफिसातल्या डब्यांत कांदालसूणही चालत नाही आणि तुमचं नळीचं हाड थेट टेबलावर आलं. तो म्हणाला, "आता ह्ये बी छापतीस काय पाकिटावर?"

वीरधवल तर हवेत आहे. त्यानं एका रात्रीत मजकूर लिहून आणला. 'ही रंगुबाई. माणदेशातून मेंढरांमागे चालत आली आणि आमच्या हळदीचा चेहरा झाली.' पुढं तुमचा आणि आबांचा फोटो, आमच्या रानात, हळदीच्या ढिगाजवळ, हातात मोठी फ्रेम. जानेवारीत हळद काढणीला येईल तेव्हा तुम्हा दोघांना आणायला गाडी पाठवू. याल ना?

मूळ फोटो अजून मिळाला नाही. गोंदणाचं म्हणाल तर ते ब्लॉक करणाऱ्यानं पुसलं असणार. तेव्हा छपाईवाले डाग समजून काहीही पुसायचे. मोठ्या फोटोत तीन टिपके नक्की असतील. आई आली की मिळेलच, तिच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेलाच असते.

तुमची,
कीर्ती

सांगली
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय मंगलताई,

हे पत्र लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं. आता सरळच लिहिते.

आई कुंभोजहून आली. चार दिवस तिला दमू दिलं आणि मग तुमची पत्रं तिच्यासमोर ठेवली. ती सावकाश वाचत होती. पहिलंच पत्र वाचताना थांबली आणि मला म्हणाली, "रंगू गेली?" तिला ठाऊकच नव्हतं. त्या वर्षी पावसाआधी तुमची माणसं गेली ती परत आमच्या रानात उतरली नाहीत. आई पुढच्या दिवाळीत वाट बघत होती. मग तिनं स्वतःची समजूत घातली की दुसऱ्या कुणी जास्त धान्य कबूल केलं असेल, तिकडं मेंढरं बसवली असतील. एवढी वर्षं तिच्या मनात रंगुबाईवर बारीकसा राग होता. तो राग कुठं ठेवायचा हे तिला कळेना.

मग म्हणाली, "कीर्ती, पाकिटावर मी हाय."

मंगलताई, फोटोत माझी आई आहे. तुमची नाही.

बाबांना नव्या धंद्यासाठी छाप हवा होता, बाईचा. हळदीच्या कामावरच्या बायकांना विचारलं तर एकही उभी राहीना. आजी कुंथलगिरीला यात्रेला गेली होती. ती संधी साधून बाबा आईला म्हणाले, तूच उभी राहा. पण मगदूमांची सून दुकानादुकानांत पाकिटावर दिसली असती तर आजीनं घर डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा तुमच्या आईनं तोड काढली. स्वतःचं हिरवं इरकली लुगडं माझ्या आईला नेसवलं, कासोटा घालून, तुमच्याकडच्या पद्धतीनं. हातातले चांदीचे गोठ काढून दिले. पदर पुढं ओढला, म्हणाली, "आता तुमच्या सासूच्या बापाला बी वळखू यायचं न्हाई." गळ्यातलं डोरलं मात्र दिलं नाही. "ह्ये तेवढं मागू नका," म्हणाली. म्हणून फोटोत आईचा गळा पदरानं झाकलेला आहे. आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि मलाही नाही, जिच्या मांडीवर मी वाढले तिला मी पाकिटावर ओळखलं नाही.

वीरधवल म्हणाला, कुणाला कळणार आहे, मुलगी स्वतःच म्हणते ना. त्याला मी सरळ नाही म्हटलं. पण पारस वेगळंच बोलला. तो म्हणाला, "तिला आईचा एक फोटो हाय म्हणून वाटतंय, ऱ्हाऊ दे की. काढून घेऊन तू काय देणार हायस तिला?" मी गप्प राहायचंच ठरवत होते. पण मग डोळ्यापुढं आलं, तुम्ही आमच्या रानात मोठी फ्रेम धरून उभ्या आहात आणि माझ्या आईच्या हनुवटीवर तीन टिपके शोधताय. ते मला बघवलं नसतं.

मला माफ करा. पाकिटाचं काम थांबवलं आहे. तुम्ही सांगाल तसं.

कीर्ती

म्हसवड
८ डिसेंबर २०२४

कीर्तीताई,

पत्र मिळालं त्या दिवशी तुमचा राग आला. मग आबांचा आला. आबा माळावर बसून दोर वळत होते, तिथं जाऊन त्यांच्यापुढं पत्र टाकलं. त्यांना वाचता येत नाही, पण त्यांनी ओळखलं. दोर वळायचे थांबले.

"तुमाला ठावं हुतं?" मी विचारलं.

"व्हय," म्हणाले. "तिनंच सांगितल्यालं. लय हसली हुती त्या दिवशी. सुनबाईला धनगरीण केली म्हनाली."

"मग मला का फसवलं?"

"तू रडून निळी पडायचीस. बाजारात पाकीट दिसलं. लुगडं वळखलं म्या, गोठ वळखलं. तिच्यासंगं तर समदं गेल्यालं, एक चिंधी न्हाई ऱ्हायली. म्या म्हनलं, तिचं लुगडं तर हाय. एवढं तर एवढं." मग दोर पुन्हा हातात घेतला. नंतर म्हणाले, "मोठी झाल्यावर सांगायचं हुतं. पन तू निवद दावाय लागलीस. मग कसं सांगू?"

त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. भाकरी वाढायची, ताट सरकवायचं, बास. मग एक दिवस बघितलं तर आबा त्या छापाकडं बघत बसले होते आणि बोटानं काचेवरून लुगड्याच्या काठाची धूळ पुसत होते. तेव्हा कळलं की या घरात मी चेहरा बघत होते आणि आबा लुगडं बघत होते. राग गेला. नाही, गेला नाही, पण भाकरी हातात दिली.

आता खरी अडचण लिहिते. लिहिताना जीव नको होतोय. आम्ही इतकी वर्षं तुमच्या आईंना, जित्या माणसाला, म्हाळाला निवद दाखवला. आणि कसला, तर मटणाचा. ज्या बाई महाराजांचा आहार सोवळ्यात करतात त्यांच्यापुढं मी नळीचं हाड ठेवत होते. बिरदेव, माझे मालक, म्हणतात चुकून झालं, देव बघून घेईल. देव बघेल, पण तुमच्या आई काय म्हणतील? त्यांच्या पायावर डोकं ठेवायला यायचं धाडस होत नाही. तुम्हीच सांगा त्यांना, माझ्या नावानं.

फ्रेम कोनाड्यातून काढली आहे. हार घालता येत नाही, कचऱ्यात टाकता येत नाही. कपड्यांच्या ट्रंकेत ठेवली, उताणी, पालथी घालायला हात झाला नाही. कोनाडा रिकामा आहे. सकाळी दिवा लावायला गेले की हात आपोआप तिकडं वळतो आणि मग मागं घ्यावा लागतो.

तुम्ही खरं सांगितलं हे बरं केलंत असं एक दिवस मला वाटेल. आज वाटत नाही. पाकिटावर तुम्हाला हवा तो फोटो लावा.

मंगल

सांगली
१६ डिसेंबर २०२४

चि. मंगल हिस,
चंदनबाला मगदूम हिचा आशीर्वाद.

कीर्तीनं तुझी सगळी पत्रं मला दिली. मी तुला अगं-तुगं करते, राग मानू नको. तू माझ्या अंगणात रांगली आहेस. आमच्या अंगणातली वाळत घातलेली हळकुंडं उचलून तोंडात घालायचीस आणि पिवळं तोंड घेऊन आईकडं जायचीस.

तुला आईचा चेहरा हवा आहे. माझ्याकडं तो जसा आहे तसा देते. रंगू माझ्यापेक्षा उंच. रंग सावळा, उन्हानं आणखी रापलेला. कपाळ अरुंद. हनुवटीवर तीन टिपके होते, तुझी चुलती खरं सांगत होती. डावा डोळा हसताना आधी मिटायचा, उजवा मागून. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, त्यामुळं हसताना ती ओठांवर हात घ्यायची, पण हसू आवरायचं नाही. मी माहेराहून नवी आलेली, सासूच्या धाकात असायची. मोठ्यानं हसायला मला तिनं शिकवलं. दुपारी ढिगाआड बसून ती मला मेंढरांची नावं सांगायची, आणि एका हट्टी मेंढीचं नाव तिनं माझ्या सासूबाईंचं ठेवलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता फोटोचं. यांनी सांगलीहून फोटोवाला आणला होता. मी घाबरून गेले होते, तोंड वाकडं व्हायला लागलं. फोटोवाला म्हणे हसा, हसा. मला काही हसू येईना. तेव्हा रंगू त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, तुला कडेवर घेऊन, आणि मला म्हणाली, "आवं मगदूमीण बाई, आता लुगडं न्येसलाईसा, तर उद्यापासनं मेंढरामागं चला. म्या तुमच्या माडीवर झोपती." त्याला मी जी हसले, तेच पाकिटावर छापलं आहे. मंगल, त्या फोटोत मी कॅमेऱ्याकडं बघत नाही. नीट बघ, नजर जराशी बाजूला आहे. मी तुझ्या आईकडं बघते आहे.

मूळ फोटो माझ्या कपाटात होता. यांनी जपायला दिला होता. सोबत पाठवते, जपून उघड. पाकिटावर वरचा अर्धाच भाग घेतला होता. खालचा भाग छपाईवाल्यानं कापला, म्हणाला, सावल्या आल्यात, फोटो बिघडलाय. सकाळची वेळ, ऊन फोटोवाल्याच्या पाठीशी होतं, त्यामुळं समोर उभ्या असलेल्यांच्या सावल्या लांब होऊन माझ्या पायापर्यंत आल्या. दोन सावल्या आहेत. एक फोटोवाल्याची, पेटी धरलेली. दुसरी बाईची आहे. तिच्या कमरेला पोर आहे आणि पोरानं तिच्या डोक्यावरचा पदर मुठीत धरलेला आहे. ती तुझी आई. ते पोर तू. तुझा आणि आईचा असा एवढा एकच फोटो आहे, आणि तो माझ्या पायाशी इतकी वर्षं पडून होता. मलाही परवा, तुझी पत्रं वाचून झाल्यावरच दिसला.

आता तुझ्या मटणाचं. पारस पोट धरून हसला, त्याला मी घराबाहेर घालवलं. मंदिरात जाऊन बसले. आमच्यात पितरांना ताट वाढत नाहीत, त्यामुळं त्यातलं मला कळत नाही. मी सूर्य मावळल्यावर पाणी घेत नाही, कंद खात नाही, अशा बाईपुढं तू रस्सा ठेवत होतीस हे ऐकून अंगावर काटा आला हेही खरं. पण बसल्या बसल्या मनात आलं, मला तर कधी काही पोचलं नाही. ना कधी वास आला, ना स्वप्न पडलं. मग एवढ्या वर्षांची ताटं गेली कुठं? तू ज्या नावानं वाढलीस तिलाच ती पोचली असणार. मधे हात घालायला मी तिथं नव्हते. तेव्हा पायावर डोकं ठेवायला येऊ नकोस, उगाच ये. हळद काढणी सुरू होईल तेव्हा आबांना घेऊन ये. जेवायला आमच्या पद्धतीचं मिळेल, तेवढं सोस.

कीर्तीचं एक मागणं आहे, पण तिला तुला लिहायला तोंड नाही म्हणून मी लिहिते. तिला आता पाकिटावर हा पूर्ण फोटो हवा आहे, खालच्या सावल्यांसकट. तो पुण्याचा मुलगा म्हणतो, सावली म्हणजे चूक, कापू. कीर्ती म्हणते, कापायचंच असेल तर आईला, म्हणजे मला, काप, सावलीला हात लावू नको. आणि मला विचारशील तर, सासूबाई आता नाहीत, मी पाकिटावर दिसले तरी चालेल. पण तुझ्या आईची सावली तुझी आहे. तू नको म्हणालीस तर नको.

थंडीची काळजी घे.

तुझी मावशी,
चंदनबाला

म्हसवड
१४ जानेवारी २०२५

चंदनमावशींच्या चरणी मंगलचा नमस्कार.

संक्रांत. आज तिळगूळ हातात घेऊनच लिहिते आहे. टपाल पंधरा दिवसांमागं आलं, पण फोटो बाहेर काढायला हात धजेना. शेवटी आज बायका हळदीकुंकवाला येऊन गेल्या, घर निवांत झालं आणि आबांना उन्हात बसवून त्यांच्यापुढंच उघडला.

मी आधी तुम्हाला बघितलं. पहिल्यांदाच तुम्ही म्हणून बघितलं. तुम्ही फार गोड दिसत होता, मावशी. नजर बाजूला आहे, मला ते कधी कळलं नव्हतं. मग तुमच्या नजरेच्या मागं मागं खाली आले आणि सावली दिसली. आबांना म्हटलं, ही कोण सांगा. त्यांनी फोटो उन्हाकडं तिरका धरला. खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "डाव्या कडंवर घ्यायची पोरीला. उजव्या हातानं कामं रेटायची. ह्ये बघ, डाव्याच कडंवर हाय." आणि रडले. आई गेली तेव्हा ते रडले नव्हते असं चुलती सांगायची.

मी म्हटलं, आबा, तोंड तर दिसत नाही. ते म्हणाले, "मला दिसतंय की."

कीर्तीताईंना सांगा, पूर्ण फोटो लावा. सावली छापा. खाली नावं घालायची तर दोघींची घाला, आणि माझं नको, मी फार लहान आहे त्यात. हळद काढणीला आम्ही येतो. जेवणाची काळजी करू नका, आबांचे दात गेलेत, त्यांना तुमचं मऊ जेवणच बरं पडेल. म्हाळाचं आता नीट करू. निवद तिलाच दाखवू, पण आधी तुमची परवानगी मागून, कारण फोटोत वर तुम्ही उभ्या आहात. त्या दिवशी तुमच्यावर कापडाची घडी ठेवली तर चालेल का, ते भेटल्यावर ठरवू.

फोटो कोनाड्यात ठेवला आहे. हार घातला नाही, तुम्ही आहात म्हणून. आबांनी देवापुढचा भंडारा चिमटीत घेतला. मला वाटलं, सवयीनं तुमच्या कपाळाला लावतील. त्यांनी बोट खाली नेलं आणि काचेवर सावलीच्या डोक्याला लावलं. मग तिच्या कमरेवरच्या लहान सावलीला लावलं. बोटाला थोडा भंडारा उरला होता. तो त्यांनी मागं वळून माझ्या कपाळाला लावला.

तुमची,
मंगल